नव्या सायकलवरचं जुनं कुंकू

“हात मागे! दोघांनीही हात मागे!”

भाऊकाकांचा आवाज असा चढला, की मुकुलने सायकलच्या घंटीकडे नेलेला हात झटकन खिशात घातला. खरं तर त्या सायकलला घंटी नव्हतीच. मडगार्ड नव्हतं, कॅरिअर नव्हतं, साधा स्टँडसुद्धा नव्हता. होते ते पुढच्या चाकाला दोन जाडजूड शॉक, मागे एक स्प्रिंगवाला शॉक, म्हशीच्या शिंगांसारखं रुंद हँडल आणि दात विचकल्यासारखे खडबडीत टायर. डोंगराच्या उतारावरून, दगडधोंड्यांतून धडधडत खाली यायला केलेली डाउनहिल सायकल ती! डोंबिवलीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, सोफा आणि शोकेसच्या मध्ये, ती हळदीकुंकवाला चुकून शिरलेल्या पैलवानासारखी उभी होती.

तेरा वर्षांची अंतरा तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली होती. तिचे डोळे काही हलत नव्हते. रविवारच्या सायकल क्लबबरोबर ती गावाबाहेरच्या टेकडीपर्यंत जायची. तिथे मोठी मुलं वरून सुसाट खाली यायची आणि हिच्या साध्या सायकलवर नुसती धूळ उडायची. दिवाळीनंतरच्या रविवारी नव्या मुलांना पहिल्यांदा उतारावर सोडणार होते. त्या रविवारसाठी अंतराचा जीव टांगणीला लागला होता.

“काका, एकदाच बसून बघू? खाली पार्किंगमध्ये, छोटीशी फेरी?”

“पूजा झाल्याशिवाय चाक फिरवायचं नाही!” भाऊकाका म्हणाले. “आज धनत्रयोदशी, वस्तू घरात आली. पाडव्याला सकाळी साईनाथ स्वतः येईल, पैसे घेईल, नारळ फुटेल. मग खुशाल चालव. माझ्या स्कूटरची अशीच पूजा केली होती. आजपर्यंत एकदा पंक्चर नाही!”

“ती तुम्ही चालवता कुठे, काका? कव्हर घालून तर ठेवलीय,” मुकुल म्हणाला.

मुकुल दहा वर्षांचा, अंतराचा धाकटा भाऊ. बोलायच्या आधी विचार करायची सवय त्याला अजून लागायची होती.

भाऊकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. ठाण्याच्या कचेरीतून ते निवृत्त झाले, पण साहेबी काही सुटली नाही. घरात त्यांचा शब्द शेवटचा. बाजारात भेंडी घेताना एकेक भेंडी मोडून बघणारा हा माणूस; सायकल घेताना मात्र पंचांग बघितलं आणि मित्राचं तोंड बघितलं, तिसरं काही बघितलं नाही. ठाण्यात टेंभी नाक्याच्या पलीकडे साईनाथचं ‘उतार’ नावाचं सायकलचं दुकान होतं. साईनाथ म्हणाला, “एकदम नवी आहे, फक्त तुमच्यासाठी कमी किमतीत सोडतो.” झालं! आले घेऊन.

आईला हे पहिल्यापासून पसंत नव्हतं. “डोंगरावरून खाली? हातपाय काय झाडाला लागतात?” असं तिने स्पष्ट म्हटलं होतं. पण भाऊकाकांनी छाती ठोकून “जबाबदारी माझी” म्हटलं, तेव्हा तिने नाइलाजाने मान डोलावली. म्हणजे भाऊकाकांची मर्जी होती, तोवर अंतराची सायकल होती. मर्जी गेली की सायकल गेली. हे घरात कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण अंतराला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकत्रच होतं. सकाळी अभ्यंगस्नान झालं, फराळ झाला, आणि मोठी माणसं सुस्तावली. अंतरा हळूच सायकलजवळ गेली. बसायचं नव्हतं, पण बघायला कुणाची बंदी होती? तिने पुढून बघितलं, मागून बघितलं, मग चक्क फरशीवर आडवी होऊन खालून बघितलं.

आणि ती तशीच पडून राहिली.

मागच्या शॉकच्या खाली, जिथे दोन नळ्या एकमेकींना टेकतात, त्या सांदीत लालभडक काहीतरी होतं. तिने बोट घातलं. बोटाला कुंकू लागलं. त्याच्यामागे हळद होती. मागच्या चाकाच्या दांड्याला दोऱ्याचा तुकडा गुंडाळलेला होता, आणि त्या दोऱ्यात झेंडूची एक सुकलेली पाकळी अडकली होती.

ही सायकल नवी होती ना? अजून पूजा व्हायचीय ना? मग ही कुणी केली?

उत्तर तिला लगेच सुचलं, आणि ते तिला नको होतं. ही सायकल कुणाच्या तरी घरी होती. दसऱ्याला कुणीतरी तिला हार घातला होता.

ती उठली. स्वयंपाकघरातून ओलं फडकं घेऊन आली आणि पुन्हा खाली वाकली. एकदाच फिरवलं असतं की कुंकू गेलं असतं. कुणाला कळलं नसतं. रविवारी ती उतारावर असती! फडकं सांदीपर्यंत गेलंसुद्धा. पण मग तिला वाटलं, दुसऱ्याने लपवलेलं आपण पुसून आणखी नीट लपवतोय. फडक्याचं पाणी टपटप फरशीवर गळत राहिलं. शेवटी तिने ते फडकं मोरीत नेऊन टाकलं आणि सरळ भाऊकाकांकडे गेली.

“काका, सायकलला आधीच कुंकू लागलंय.”

“मग लागणारच!” भाऊकाकांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. “दसऱ्याला दुकानात सगळ्या मालाची पूजा होते. एवढंही कळत नाही?”

बोलणं खोटं नव्हतं. दुकानदार दसऱ्याला पूजा करतातच. अंतराच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. पण पुरतं नाही. दुकानदार मालाला वरून अक्षता टाकतो. प्रत्येक सायकलच्या पोटाखाली शिरून, मागच्या शॉकला बोटाने कुंकू लावतो का कुणी? तेवढी माया आपल्या एकट्या सायकलवरच करतात.

दुपारी फ्लेव्हियन आणि सेरेना आले. फ्लेव्हियन अंतराचा क्लबमधला दोस्त. ठाण्याला उथळसरला त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं घर. नाताळात अंतरा त्यांच्याकडे, दिवाळीत ही भावंडं हिच्याकडे, असा रिवाजच पडला होता. सेरेना त्याची मोठी बहीण, कॉलेजात जाणारी. उतारावरच्या शर्यतींत तिने दोनदा बक्षीस घेतलं होतं.

“काकी, चकली!” फ्लेव्हियनने दारातूनच आवाज दिला.

“आधी चपला काढ, मग चकली,” आई आतून म्हणाली.

सेरेना मात्र चकलीकडे गेली नाही. ती सायकलसमोर उभी राहिली आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

“मस्त आहे ना?” मुकुलने विचारलं.

“मस्त आहे. पण अंतरा, ही तुझ्या मापाची नाही गं. माझ्याहून उंच माणसाची आहे. जवळ उभी राहा बघू. नुसती उभी राहा, बसू नकोस, म्हणजे तुझे काका ओरडणार नाहीत. आता हँडलवर हात ठेव. ब्रेकवर बोट पोहोचतं?”

अंतराने बोट ताणलं. टोक तेवढं लागलं.

“उतारावर आपण सीटवर बसत नाही, उभे असतो,” सेरेना म्हणाली. “सीट पार खाली करतो, अंग मागे घेतो आणि एका बोटाने ब्रेक सांभाळतो. ते बोट पोहोचत नसेल, तर बाकी शॉक काय नि टायर काय, नुसती शोभा! पहिली सायकल घेताना लोक शॉक बघतात. बघायचे असतात ब्रेक आणि माप.”

“म्हणजे चपलेसारखं,” मुकुल म्हणाला. “मोठी घेतली की पाय बाहेर.”

“अगदी! फक्त इथे पाय बाहेर येत नाही, आपण बाहेर येतो.”

सगळे हसले, पण अंतराला हसू आलं नाही. तिने सेरेनाला खालचं कुंकू दाखवलं. सेरेना काही बोलणार, तेवढ्यात मुकुलने घोटाळा केला. दारातली रांगोळी भरायला त्याने डबा उचलला होता. फ्लेव्हियनने त्याच्या कमरेला गुदगुल्या केल्या, आणि डबा उडाला! पांढरीशुभ्र रांगोळी काळ्याभोर सायकलवर फस्सकन सांडली.

“मेलो!” मुकुल म्हणाला. “फुंका! सगळे फुंका!”

चौघांनी गाल फुगवून फुंकर घातली. रांगोळी उडाली. पण सगळी नाही. वरच्या नळीवर एका जागी ती चिकटून बसली. फुंकलं तरी हलेना. अंतराने डोकं तिरकं केलं आणि तिच्या तोंडातून आवाज निघाला, “अरे! हे तर अक्षर आहे!”

काळ्या नळीवर पांढऱ्या भुकटीचा ‘न’ उमटला होता.

“स्टिकर होता इथे!” फ्लेव्हियन ओरडला. “नावाचा रेडियम स्टिकर! कुणीतरी खरवडून काढला, पण गोंद राहिला!”

“आणखी टाक, मुकुल!”

“आता टाक म्हणता? मघाशी ओरडत होतात!”

मुकुलने चिमटीने रांगोळी भुरभुरवली, हळूच फुंकली. ‘य’ आला. पुन्हा ‘न’ आला. नयन. दुसऱ्या बाजूला त्याहून बारीक अक्षरं उमटली: आईचा आशीर्वाद.

आतून करंजी तळल्याचा आवाज तेवढा येत होता.

“नयन,” सेरेना हळू आवाजात म्हणाली. “मी ओळखते याला. कल्याणचा, खडकपाड्याचा, मोठ्या मुलांच्या गटातला. तुम्ही नव्हतात त्या दिवशी, दसऱ्यानंतरच्या रविवारी टेकडीवर वाईट पडला. तेव्हापासून क्लबमध्ये आलाच नाही.”

अंतराने पुन्हा भाऊकाकांना गाठलं. या वेळी त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, पण डोळे मोठे केले. “साईनाथ इतक्या वर्षांचा माझा मित्र आहे. कुणी बसून बघितली असेल, म्हणून तर कमी किमतीत मिळाली. आणि हे बघ, तुला नको असेल तर आत्ता परत पाठवतो. पण मग या घरात सायकलचं नाव पुन्हा निघणार नाही. चालेल?”

अंतराच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला सायकल हवी होती, आणि हेच तर दुखणं होतं.

आईने स्वयंपाकघराच्या दारातून सगळं ऐकलं होतं. दिरांसमोर ती वाद घालत नसे. तिची रीत वेगळी होती. तिने फराळाचा डबा भरला, घट्ट बांधला आणि सेरेनाच्या हातात दिला. “खडकपाड्याला त्या मुलाच्या आईला द्या. मुलगा पडून आजारी आहे, त्या घरी फराळ झाला असेल की नाही कोण जाणे. आणि परत येताना नीट विचारून या, काय झालं ते.”

बस आणि मग रिक्षा करत चौघं कल्याणला पोहोचली. नयनच्या दारात साधीच रांगोळी होती, आकाशकंदील नव्हता. नयन सोळा वर्षांचा, उंच, उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हाताने एकटाच कॅरम खेळत होता. सायकलचं नाव निघताच त्याने स्ट्रायकर खाली ठेवला.

“काळी? मागच्या शॉकची स्प्रिंग लाल?” त्याने विचारलं. “ती तुमच्या घरी कशी आली?”

“दुकानातून. नवी म्हणून,” अंतरा म्हणाली.

त्याची आई, दर्शनाकाकू, पाण्याचे ग्लास घेऊन येत होती. ग्लासांचा ट्रे तिने तिथेच टेबलावर आपटला. “नवी म्हणून? अगं, तुटलेली आहे ती! मी त्या ‘उतार’वाल्या माणसाला हात जोडून सांगितलं होतं, पैसे देऊ नका, काही देऊ नका, फक्त हिचे कापून तुकडे करा. यावर पुन्हा कुणाचं लेकरू बसता कामा नये. हो हो ताई, आजच कापतो म्हणाला!”

“कुठे तुटलीय?” सेरेनाने विचारलं.

“हँडलजवळ, खालच्या जाड नळीच्या खालच्या अंगाला,” नयन म्हणाला. “उडी जास्त झाली, पुढचं चाक दगडावर आदळलं. मी उठलो तेव्हा केसाएवढी चीर दिसली. वरून बघितलं तर कळणारही नाही. पण पुढच्या आदळण्याला हँडल एकीकडे आणि माणूस एकीकडे.”

मग त्याने अंतराकडे बघितलं. “तू पहिल्यांदाच उतरणार आहेस?”

“हो.”

“भीती वाटते?”

अंतराने खरं सांगायचं ठरवलं. “वाटते. पण हवंही आहे.”

“मलाही अजून हवं आहे,” नयन हळूच म्हणाला. त्याची आई खिडकीबाहेर बघायला लागली.

“तो पडला तेव्हा मी टेकडीच्या पायथ्याशीच उभी होते,” काकू म्हणाली. “तेव्हापासून रस्त्यावरून कुणी पोरगं सायकलवर जोरात आलं, तरी माझे डोळे आपोआप मिटतात. दसऱ्याला त्या सायकलला कुंकू लावलं ते मीच. अगदी पोटाखाली वाकून लावलं. कुठली जागा सोडली नाही.”

 

घरी आल्यावर अंतराने देवघरातला वातींचा कापूस घेतला. युक्ती नयनची. चीर डोळ्यांना दिसली नाही तरी कापसाला लागते. नयनने सांगितलेल्या जागी नळीवर चकचकीत नवा स्टिकर होता. अंतराने नखाने त्याची कड उचलली आणि कापूस अलगद फिरवला. गुळगुळीत, गुळगुळीत, गुळगुळीत... आणि मग कापसाचा एक तंतू अडकला. पुन्हा फिरवला. पुन्हा तिथेच अडकला.

“रंगाचा पोपडा असेल,” भाऊकाका म्हणाले. पण या वेळी आवाज जरा खाली होता. “उद्या पाडवा. साईनाथ येणार, त्यालाच विचारू.”

“विचारलं तर तो ‘नाही’ म्हणेल,” नंतर गच्चीवर फ्लेव्हियन म्हणाला. “मोठी माणसं नाही म्हणतात, आणि मग आपण उद्धट ठरतो.”

“म्हणून आपण विचारायचंच नाही,” अंतरा म्हणाली. तिच्या डोक्यात कधीचं काहीतरी शिजत होतं. “आपण त्यांना मान द्यायचा. खूप मान!”

पाडव्याच्या सकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सायकल आणली गेली. हार, नारळ, पूजेचं ताट, सगळं तयार होतं. वरच्या रस्त्यावरून खालच्या पार्किंगमध्ये उतरणारा सिमेंटचा उतार चांगला लांब आणि उभा होता. गाड्यासुद्धा तिथे ब्रेक दाबून उतरत. साईनाथ कडक इस्त्रीचा झब्बा घालून आला. बरोबर त्याची मुलगी श्रिया होती, अंतराहून थोडी लहान, नव्या फ्रॉकमध्ये खुशीत. फ्लेव्हियन उताराच्या वरच्या टोकाला उभा होता, मुकुल खाली अंतराजवळ. गेटबाहेर, भिंतीच्या आड, आईच्या आग्रहावरून आलेली दर्शनाकाकू, नयन आणि सेरेना होती. ते साईनाथला दिसत नव्हते.

“चला, कुंकू लावा, मुहूर्त जवळ आला!” साईनाथ हात चोळत म्हणाला.

“काका, एक विनंती आहे,” अंतरा पुढे झाली. तिने आवाज अगदी गोड ठेवला होता. “सायकल तुमच्या हातची. पहिली फेरी तुमच्याच हाताने व्हावी. तुम्ही वरून बसून खाली या, मग मी पूजा करते.”

भाऊकाका खूश झाले. “वा! पोरीला रीत कळते! चल रे साईनाथ!”

“मी? अरे, नाही नाही!” साईनाथ हसला. “माझे गुडघे कुठे राहिलेत आता! आणि हा नवा झब्बा!”

“झब्बा वर खोचा, काका,” मुकुल म्हणाला. “भाऊकाका धोतर खोचतात तसा.”

“गाड्या येतात इथे, बाळा.”

“मी वर उभा आहे ना, काका! एक गाडी येऊ देत नाही!” फ्लेव्हियन वरून ओरडला.

साईनाथने रुमालाने कपाळ पुसलं. सकाळच्या गारव्यातही त्याला घाम फुटला होता. आई पायऱ्यांवर उभी होती. ती शांतपणे साईनाथला म्हणाली, “भाऊजी, मुहूर्त टळतोय.”

“मग असं करू,” अंतरा म्हणाली. तिने सायकलचं हँडल घट्ट धरलं आणि दुसरा हात श्रियापुढे केला. “कुमारिकेच्या हाताने झालं तर आणखीच चांगलं. श्रिया, बसतेस? वर नेऊन मी नुसता धक्का देते, तू सुर्रकन खाली!”

“बसते!” श्रिया उड्या मारत पुढे आली. तिने पाय टाकण्यासाठी फ्रॉक सावरला...

“नाही!”

साईनाथच्या ओरडण्याने कबुतरं उडाली. त्याने धावत येऊन श्रियाचा दंड पकडला आणि तिला मागे खेचलं. “तिला नाही! या सायकलवर तिला बसवायचं नाही!”

अंतराच्या हातात अजून हँडल होतं, आणि एका पायाने तिने मागचं चाक दाबून धरलं होतं. सायकल तिने बोटभरही पुढे जाऊ दिली नसती. ती हळू आवाजात म्हणाली, “तिला का नाही, काका?”

तेवढ्यात गेटातून दर्शनाकाकू आत आली, मागे प्लास्टरमधला हात सांभाळत नयन. साईनाथने त्यांना बघितलं आणि त्याचे खांदे पडले.

“कापणार होतो,” तो पुटपुटला. “खरंच कापणार होतो. मग वाटलं, बाकी सगळं इतकं चांगलं आहे... चिरेवर रंग दिला, वर स्टिकर लावला. म्हटलं, शहरातली मुलगी, बिल्डिंगखाली चार फेऱ्या मारेल नि सोडून देईल. डोंगरावर कोण नेतंय!”

भाऊकाकांनी हातातला नारळ ताटात ठेवला. मग म्हणाले, “साईनाथ, तुझ्या पोरीला तू नको म्हणालास. माझ्या पोरीला चालेल म्हणालास.”

एवढंच. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर साईनाथला सोपं गेलं असतं.

ते अंतराकडे वळले. “आणि मी काय केलं? तू तीनदा येऊन सांगितलंस. मी तीनदा तुला गप्प केलं. मुहूर्त बघितला, सायकल बघितली नाही.”

“भेंडी तेवढी मोडून बघता, भाऊजी,” आई म्हणाली. ही एक गोष्ट तिने मनात बरेच दिवस राखून ठेवली असावी.

चौकीदाराकडून करवत आणली गेली. साईनाथने स्वतः, आपल्या हाताने, त्या सायकलची जाड नळी कापली. झब्ब्यावर धातूचा चुरा उडत होता. अर्ध्यावर त्याचा हात थांबला, तेव्हा श्रिया म्हणाली, “बाबा, पूर्ण कापा.” त्याने पूर्ण कापली. जाताना त्याने दर्शनाकाकूला नमस्कार केला. तिने तो घेतला की नाही, ते कळलं नाही. पण तोंड फिरवलं नाही एवढं खरं.

पाडवा गेला, भाऊबीज झाली, आणि मुहूर्त संपले. मग साध्या दिवशी, ज्याला पंचांगात काहीच महत्त्व नव्हतं, सेरेना, अंतरा, मुकुल आणि भाऊकाका सायकल बघायला निघाले. अंतरा एकीवर बसली, उतरली. दुसरीवर बसली, उतरली. पटांगणावरच्या मातीच्या ढिगाऱ्यावरून पुन्हापुन्हा खाली आली. भाऊकाका प्रत्येक ब्रेक स्वतः दाबून बघत होते, आणि दुकानदाराला अशा शंका विचारत होते, की त्याला पाणी प्यावं लागलं.

शेवटी अंतराने निवडली ती सायकल कुणाच्या नजरेत भरणारी नव्हती. मंद हिरवा रंग, मागे शॉकच नाही, फक्त पुढे. मुकुलचा चेहरा पडला. “ही? ही तर साधीच दिसते!”

“मागचा शॉक आपल्या चुका झाकतो,” सेरेना म्हणाली. “पहिल्या उतारावर चुका कळलेल्या बऱ्या. मापाची आहे, ब्रेक एका बोटात लागतात. पुढचं पुढे.”

अंतराने ब्रेकवर बोट ठेवलं. बोट जिथे पोहोचायला हवं तिथे, न ताणता, पोहोचलं. काळ्या सायकलपुढे बसून तिचं काळीज धडधडायचं. इथे ते शांत होतं. तिला वाटलं, हाच फरक असावा, एखादी गोष्ट नुसती हवी असण्यात आणि ती आपली असण्यात.

रविवारी टेकडीच्या माथ्यावर सगळे जमले. हनुवटी झाकणारं हेल्मेट, गुडघ्यांना पट्टे, अशी अंतरा ओळखू येत नव्हती. दर्शनाकाकूही आली होती. नयनने हट्टच धरला होता. तिच्या पिशवीत कुंकवाची डबी होती.

“लावू का गं?” तिने विचारलं.

“लावा की, काकू. चाक फिरवून झालंय.”

“आधी चाक, मग कुंकू,” भाऊकाका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “ही आमच्या अंतराची रीत! मोठ्यांनीही शिकावी अशी!” त्यांनी तिच्या हेल्मेटवर टपली मारली. घरात कुणाचं कौतुक म्हणून त्यांनी टाळूवर हात ठेवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. हेल्मेट मध्ये होतं तरी तो हात अंतराला कळला.

दर्शनाकाकूने वाकून, पोटाखाली, सांदीसांदीत कुंकू लावलं. मग ती उतार उतरून पायथ्याशी जाऊन उभी राहिली. तीच जागा.

अंतराने सीट खाली केली. अंग मागे घेतलं. एक बोट ब्रेकवर. मागून मुकुल ओरडला, “ताई, पडलीस तर रांगोळी टाकून ठेवतो, कुठे पडलीस ते दिसेल!” फ्लेव्हियनने त्याचं तोंड दाबलं.

पुढचं चाक कडेवरून खाली झुकलं. दगड आले, धडधड हातांतून खांद्यांत चढली. एका वळणावर चाक घसरलं. तिने ब्रेक सोडला, पुन्हा हलकेच धरला, आणि सायकल सरळ झाली. वारा हेल्मेटमध्ये शिरून शिट्टी वाजवत होता. वळण, झाडाचं मूळ, मोकळी माती, आणि मग एकदम सपाट जमीन.

ती थांबली तेव्हा धूळ खाली बसायला वेळ लागला. धुळीपलीकडे दर्शनाकाकू उभी होती. दोन्ही हातांच्या मुठी छातीशी घट्ट आवळलेल्या, गालांवर पाणी.

पण डोळे सताड उघडे होते.

“सगळं बघितलं मी,” ती म्हणाली. मग मागे वळून तिने टेकडीच्या माथ्याकडे बघितलं. तिथे एका हाताने टाळी वाजवायचा प्रयत्न करत तिचा मुलगा उभा होता. “नयन! प्लास्टर निघालं की आपणही एक सायकल बघून येऊ!”